गळाचा उलटा दात

रसेल पेटिट यूजीन शहराच्या इमारत खात्यात जिन्यांचे कठडे मोजायचा. कठडा अर्धा इंच बुटका निघाला तर तो घरमालकाचं रडगाणं शांतपणे ऐकून घ्यायचा, सहानुभूतीने मान हलवायचा आणि शेवटी "नापास" असं लिहून निघायचा. चालवून घेणं हा प्रकार त्याला जमतच नसे. स्वतःच्या लग्नात पाद्र्याने "सुखात आणि दुःखात" म्हटल्यावर त्याने क्षणभर विचार केला होता, असं त्याची बायको मार्ला अजून सांगते. अशा माणसाने स्टीलहेडच्या नादी लागू नये. पण सासरे त्याने निवडले नव्हते, ते मार्लाबरोबर आले होते.

स्टीलहेड हा समुद्रातून नदीत चढून येणारा मोठा, चकचकीत आणि अत्यंत शिष्ट मासा. तो पकडायला आमच्याकडची शहाणीसुरती माणसं छातीपर्यंत रबरी विजार चढवून गार पाण्यात दिवसचे दिवस उभी राहतात, हात हलवत घरी येतात आणि सुट्टी मजेत गेली म्हणतात. रसेलचे सासरे ऑर्व्हिल लिंडक्विस्ट यांनी उभा जन्म हेच केलं. टिलिकम नदीवरचा 'किटली' नावाचा डोह म्हणजे त्यांचं देवघर. तिथे जिवंत आमिष चालत नाही. गळावर केस आणि पिसं गुंडाळून केलेली खोटी माशी पाण्यावरून ओढत न्यायची आणि माशाचं मन पालटेल याची वाट बघायची, एवढंच.

आता ऑर्व्हिलनी ऐंशी ओलांडली होती, खुबा गेला होता, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. सप्टेंबरअखेर ते थोरल्या मुलीकडे, लिनेयाकडे, फिनिक्सला कायमचे राहायला जाणार होते. फिनिक्स वाळवंटात आहे. ऑगस्टमधल्या एका रविवारी जेवताना ते म्हणाले, "एकदा किटलीवर जाऊन येऊ. एक मासा वर आलेला बघितला की मी मोकळा. मग मला त्या तव्यावर नेऊन टाका."

मार्लाचे डोळे भरले. रसेलने काटा ताटात ठेवला, कारण त्या वर्षी नदीत मासेच नव्हते. धरणाच्या काचेच्या खिडकीशी, वर चढणारे मासे मोजायला बसवलेली माणसं म्हणे दिवसभर जांभया देत होती. पाणी तापतं म्हणून दुपारी दोननंतर गळ टाकायला बंदी होती आणि नदी कधीही पूर्ण बंद होईल अशी बोलवा होती. म्हातारा शेवटचा मासा मागत होता आणि तो आणून देण्याची जबाबदारी, कुणी न सांगता, रसेलने आपल्या डोक्यावर घेतली. जबाबदारी दिसली की उचलायची ही त्याची जुनी खोड.

त्यात ऑर्व्हिलनी आणखी एक काम दिलं. त्यांच्या दिवंगत बायकोने, व्हर्नाने, स्वतःच्या हाताने बांधलेल्या माश्यांची शेवटची डबी त्यांच्याकडे होती. खोकल्याच्या गोळ्यांची पत्र्याची डबी, आत डझनभर माश्या. त्या डबीला हात लावायची रसेलला आजवर परवानगी नव्हती. ती त्यांनी टेबलावरून त्याच्याकडे सरकवली.

"जुने गळ आहेत, दातवाले. मला आता दिसत नाही. दात तेवढे दाबून दे."

गळाच्या टोकाच्या जरा आत एक उलटा दात असतो. तो एकदा रुतला की मासा सुटत नाही. आता कायदा म्हणतो की दात पक्कडीने दाबून सपाट करा, म्हणजे मासा न दुखावता परत सोडता येतो. कायदा म्हटल्यावर रसेलच्या अंगात उत्साह संचारला.

शनिवारी दुपारी तो गॅरेजमध्ये कामाला बसला आणि कुंपणावरून शेजारचा हर्शल डोकावला. हर्शल रेल्वेतून निवृत्त झालेला. त्याला सगळ्यातलं सगळं कळतं आणि त्याच्याकडे सगळ्याचं हत्यार असतं.

"त्या चिमुकल्या पक्कडीने काय होणार?" हर्शल म्हणाला. "मासेखात्याचे वॉर्डन काय करतात माहितेय का? गळ सुती कापडावरून ओढतात. एक धागा अडकला की संपलास तू. दंड, वर गळाची काठी जप्त. माझ्या मेव्हण्याची गाडी नेली होती."

"मासे पकडण्यावरून गाडी?"

"तो त्याच गाडीत बसून पळाला होता म्हणून. पण ते सोड. थांब, माझी पक्कड आणतो."

हर्शलची पक्कड रुळाचे खिळे उपटायची असावी. "चांगला जोर लाव," तो म्हणाला. "टिक् असा आवाज आला की समजायचं, दात गेला."

रसेलने जोर लावला. टिक्. दुसरी माशी घेतली. टिक्. त्याच्या नाकावर नेमका लांबचा चष्मा होता, पण आवाज इतका स्वच्छ येत होता की डोळ्यांची गरज भासली नाही. डझनभर टिक् झाल्यावर त्याने गॅरेज झाडलं, केरात काहीतरी बारीक चकाकलं ते दात असणार असं मानलं आणि डबी बंद केली. बऱ्याच दिवसांत त्याला इतकं समाधान मिळालं नव्हतं.

मग परवान्याची कथा. मासेखात्याच्या संकेतस्थळावर नवा परवाना काढण्याआधी गेल्या वर्षी किती स्टीलहेड धरले ते भरावं लागतं. रसेलने शून्य भरलं. यंत्राने लाल अक्षरांत विचारलं, कृपया संख्या भरा. त्याने पुन्हा शून्य भरलं. रकाना शून्याला संख्या मानत नव्हता. रसेलने मदतकेंद्राला फोन लावला, बराच वेळ बासरी ऐकली आणि शेवटी एक दमलेली बाई फोनवर आली.

"एक लिहा ना साहेब. कोण बघायला येतंय?"

"पण मी एकही धरला नाही."

"सगळेच लिहितात हो."

"म्हणूनच तुमच्या आकड्यांची ही दशा आहे," रसेल म्हणाला आणि सोमवारी अर्धी रजा टाकून खात्याच्या खिडकीवर गेला. तिथल्या माणसाने त्याचं सगळं ऐकून घेतलं, खालच्या खणातून कागदी अर्ज काढला, त्यावर हाताने शून्य लिहिलं आणि जाताना हातही मिळवला. रसेलने परवान्याच्या तीन प्रती काढल्या आणि तिन्ही प्लास्टिकमध्ये बंद करून घेतल्या.

निघायच्या सकाळी दारातच घोळ झाला. मार्लाने वाटेत खायला केळ्यांचा केक भाजला होता. ऑर्व्हिल गाडीपाशी आले, त्यांनी हवेत नाक फिरवलं आणि ते जागीच थांबले. मासे धरायला निघताना बरोबर केळं न्यायचं नाही, हे त्यांच्या जमातीत तान्ह्या मुलालाही माहीत असतं. केळं असलं की मासा फिरकत नाही.

"बाबा, ते केळं नाहीये, केक आहे," मार्ला म्हणाली.

"केळ्याला माहितेय ते काय आहे. ते खाली उतरेपर्यंत मी बसत नाही."

मागच्या सीटवर बसलेल्या टेसाने हा वाद मन लावून ऐकला. टेसा ही रसेलची मुलगी, विद्यापीठात जीवशास्त्र शिकणारी. तिचं मत होतं की असल्या वर्षी माशांच्या वाटेलाच जाऊ नये. ती आली होती फक्त आजोबांना पाण्यात धरून उभं राहायला. शेवटी केक हर्शलच्या हवाली झाला. हो म्हणायला हर्शलला मुळीच वेळ लागला नाही, आणि केकमध्ये केळं असल्याचं आदल्या दिवशी ऑर्व्हिलच्या कानावर त्यानेच घातलं असावं, असा संशय रसेलला पुढे वाटभर छळत राहिला.

किटलीवर पोचले तेव्हा डोहावर धुकं होतं. वरच्या टोकाला एक दाढीवाला अनोळखी माणूस दगडावर बसून कॉफी पीत होता. ऑर्व्हिलकडे बघून त्याने मान लववली आणि "तुम्ही आधी" अशी हाताने खूण केली. टेसाने आजोबांचा कमरपट्टा मागून घट्ट धरला आणि ती जोडी पाण्यात उतरली. मार्ला काठावर घडीच्या खुर्चीत बसली आणि त्यांच्या प्रत्येक पावलाला श्वास रोखू लागली.

पाण्यात उतरण्याआधी ऑर्व्हिलनी डबी उघडून एक माशी रसेलच्या तळहातावर ठेवली होती. "ही तुझ्या काठीला बांध. व्हर्नाची आहे, नीट वापर." लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती, आणि असं ते पहिल्यांदाच म्हणत होते. रसेलने गाठ तीनदा सोडून तीनदा बांधली.

तो अजून काठावरच होता तेव्हा पायवाटेने वॉर्डन आली. उंच, सुरकुतलेली, शांत बाई. रसेलने न विचारता परवान्याच्या तिन्ही प्रती पुढे केल्या. तिने एक वाचली, बाकीच्या दोन आदराने परत केल्या आणि त्याची माशी चिमटीत धरून आपल्या सुती बाहीवरून ओढली. माशी लोण्यावरून जावी तशी सरकली. तिने पुन्हा ओढली. मग चष्मा कपाळावर चढवून ती डोळ्यांपाशी नेली.

"दात दाबलेत ना?" रसेलने विचारलं.

"दात तर गेलाच आहे," ती म्हणाली. "टोकही गेलंय. हा आता गळ नाही, आकडा आहे. पडदा अडकवायला चालेल."

रसेलच्या कानात गॅरेजमधल्या त्या टिक्‌ टिक्‌चा नाद घुमू लागला. दात दबताना आवाज करत नाही. आवाज जुनं पोलाद तुटताना होतो.

"म्हणजे... हे नियमात बसतं का?" त्याने विचारलं.

ती विचारात पडली. हा प्रश्न तिला कुणी विचारला नसावा. "नियम म्हणतो, गळाला उलटा दात नको. टोक हवंच, असं कुठे लिहिलेलं नाही. बसतं की. चांगलंच बसतं."

एखादी गोष्ट नियमात बसल्याचं रसेलला आयुष्यात पहिल्यांदाच दुःख झालं.

"त्या आजोबांच्या माश्या कुणी दाबल्या?" तिने पाण्याकडे बघत विचारलं.

"मीच. सगळ्या."

तिने एवढंच म्हटलं, "उद्यापासून नदी बंद होतेय. आदेश आलाय. आज दोनपर्यंत काय ते करून घ्या." आणि ती पायवाटेने निघून गेली.

रसेलच्या तोंडचं पाणी पळालं. म्हाताऱ्याचा शेवटचा दिवस, नदीचाही शेवटचा दिवस, आणि म्हातारा डोहाच्या मधोमध उभा राहून पाण्यावरून पिसांचा निरुपद्रवी झुबका फिरवत होता. व्हर्नाच्या हातच्या सगळ्या माश्या रसेलने एका दुपारी बोथट करून टाकल्या होत्या. याचा अजून पत्ता नसलेली मार्ला शेजारी बसून म्हणत होती, "आईला किती आनंद झाला असता रे."

खिशात पेट्रोल पंपावर घेतलेल्या तीन माश्या होत्या, भडक, जांभळ्या, पण टोकवाल्या. त्यातली एक कशीही करून ऑर्व्हिलच्या दोरीला लावायची, एवढंच त्याच्या डोक्यात राहिलं. तो उठला आणि सरळ पाण्यात शिरला. सासऱ्यांच्या खालच्या अंगाला.

आता किटलीवरचा रिवाज असा, की डोहात वरून उतरायचं, एकदा दोरी फेकायची, एक पाऊल खाली सरकायचं, पुन्हा फेकायची. आपल्या मागच्याने मागेच राहायचं. पुढच्याच्या खाली घुसणं म्हणजे त्याच्या ताटातला घास उचलणं. माणूस एकवेळ बायकोला सोडून गेला तर लोक समजून घेतील, पण हे नाही.

"ओ भाऊ," दाढीवाला दगडावरून उठला. "खाली कुठं घुसताय? म्हातारा माणूस आहे तो, जरा लाज बाळगा."

बँकेच्या रांगेत पुढच्याच्या पाठीला बॅग लागली तरी माफी मागणारा रसेल. त्याने खुलासा करायला मान वळवली आणि शेवाळलेल्या गोट्यावर त्याचा पाय गेला. पाणी नाकातोंडात शिरलं, विजारीत शिरलं, आणि तीन जांभळ्या माश्या समुद्राच्या दिशेने निघून गेल्या. पाठोपाठ त्याची टोपी ऑर्व्हिलच्या समोरून संथपणे वाहत गेली.

ऑर्व्हिलनी तिच्याकडे डोळे बारीक करून बघितलं. "टेसा, ती टोपी आपल्या रसेलची ना? खाली तो आहे का बघ जरा."

"आहे आजोबा. बसलाय."

"मग बसू दे. त्या बाजूचं पाणी उथळ आहे."

नेमकं तेव्हाच ते घडलं. ऑर्व्हिलची माशी पलीकडच्या खडकाजवळून पाण्यावर रेघ ओढत येत होती आणि तिच्या मागचं पाणी एकदम फुगलं. एक भलंमोठं डोकं वर आलं, माशी आत गेली, क्षणभर रुपेरी पाठ दिसली आणि पाणी बादली उपडी करावी तसं फुटलं. दोरी ताणली गेली आणि लगेच सैल पडली. माशी पुन्हा पाण्यावर तरंगायला लागली.

मार्ला खुर्चीतून उठून उभी राहिली. "लागला?"

"सुटला," टेसा ओरडून म्हणाली.

कमरेइतक्या पाण्यात बसलेल्या रसेलने डोळे मिटून घेतले. एका माणसाने आयुष्यभर वाट बघितलेला क्षण आपण पक्कडीने चिरडला, असं त्याला वाटलं, आणि ते वाटणं इतकं खरं होतं की थंडीही लागेना.

ऑर्व्हिल थांबले, श्वास घेतला आणि माशी पुन्हा त्याच जागी टाकली. मासा पुन्हा आला. या वेळी अख्खा हवेत. पुन्हा दोरी सैल पडली. तिसऱ्यांदा तो नुसता शेपटीचा फटका मारून गेला. चौथ्यांदा त्याने माशी चांगली चार हात ओढून नेली आणि मग नको असलेली वस्तू परत करावी तशी सोडून दिली. दाढीवाला आपली काठी टाकून काठाने धावत आला आणि रसेलला काखेत हात घालून बाहेर ओढताना म्हणाला, "मघाशी बोललो ते विसरा. एकच मासा पुन्हा पुन्हा येतोय. जन्मात पाहिलं नाही असं. कुठली माशी आहे ती?"

"घरी... बांधलेली," रसेल म्हणाला. दात वाजत होते म्हणून ततपप खपून गेलं.

"बघ रे, बाबा कसे हसतायत," मार्ला रडत म्हणाली. "पण लागत का नाही?"

"मासे हल्ली फार सावध झालेत," रसेल म्हणाला. हे खोटं होतं की नाही हे त्याला ठरवता येईना आणि त्याची त्याला आणखी काळजी लागली.

पाचव्यांदा आल्यावर मासा गेला तो गेला. दोन वाजायला आले होते. टेसाच्या खांद्यावर हात ठेवून ऑर्व्हिल बाहेर आले. चेहरा लाल झाला होता. मार्ला गाडीतून घोंगडी आणायला गेली. रसेलने त्यांच्यापुढे गुडघ्यावर बसून बुटांच्या ओल्या नाड्या सोडायला घेतल्या, कारण तोंडाकडे बघून बोलायची त्याची हिंमत नव्हती.

"ऑर्व्हिल, माश्यांना टोकंच नाहीत. दाबताना मी तोडली. सगळ्यांची. मासा सुटला नाही, मी तो धरूच दिला नाही तुम्हाला."

"माहितेय."

नाडी रसेलच्या हातातच राहिली.

"माशी बांधली की आधी नखावर घासून बघायची, टोक धरतं का ते," ऑर्व्हिल म्हणाले. "डोळे गेलेत माझे. नख शाबूत आहे. सकाळीच कळलं."

"मग बोलला का नाहीत? दुकान होतं वाटेत, दुसऱ्या घेतल्या असत्या."

"व्हर्नाच्या सोडून मी पेट्रोल पंपावरच्या वापरू?" म्हाताऱ्याने मान हलवली. "आणि यंदा किती मासे आलेत वर? त्यातल्या एकाचं तोंड मी फाडायचं, मला फिनिक्सला जायचंय म्हणून? टोक असतं ना रसेल, तर तो एकदा आला असता. ओढला, बघितला, सोडला, संपलं. टोचलं नाही म्हणून तो पुन्हा पुन्हा आला. इतका वेळ माझ्याशी कुठलाच मासा खेळला नाही." त्यांनी दुसरा पाय रसेलपुढे केला. "तू सांगायला दुपार लावलीस, ते मात्र जरा जास्तच झालं. पाण्यात उडी मारायची गरज नव्हती."

खोऱ्याच्या तोंडाशी जेवायला थांबले तेव्हा रसेलला वाटलं, हे आपलं दोघांतच राहील. ऑर्व्हिलनी वाढणाऱ्या बाईला बोलावलं आणि जावयाने रुळाच्या पक्कडीने माश्यांची नसबंदी कशी केली ते पहिल्यापासून सांगितलं. शेजारच्या टेबलावरचे लाकूडतोडे खुर्च्या फिरवून बसले. टोपी वाहत आली त्या ठिकाणी सगळं हॉटेल हसलं. "आईच्या माश्या?" असं म्हणून मार्लाने नवऱ्याकडे मान वळवली आणि रसेलने टेबलाखाली जायची तयारी केली, पण ती हसता हसता रडायला लागली आणि मग टेसाही. रसेलची अब्रू तळलेल्या बटाट्यांच्या ताटाबरोबर टेबलाटेबलावरून फिरत होती. मात्र म्हाताऱ्याच्या गोष्टींत आजवर फक्त मासे होते आणि व्हर्ना होती, हे त्याच्या हळूहळू लक्षात आलं. तो समोरचे बटाटे खात बसला आणि कुणी पाठीवर थाप मारली तर मान डोलवत राहिला.

ऑक्टोबरात फिनिक्सहून लिनेयाचा फोन आला. मार्ला बाहेर गेली होती.

"रसेल, तूच सांग. तू खोटं बोलत नाहीस म्हणून तुला विचारते," ती म्हणाली. "बाबा इथे रोज संध्याकाळी चार म्हाताऱ्यांना गोळा करून बसतात. त्यांच्यातल्या एकानेही नदी धड बघितलेली नाही. त्यांना सांगतात की तो मासा सात वेळा वर आला. एक जण म्हणतो शक्यच नाही, आणि बाबा कालपासून जेवले नाहीत. किती वेळा आला होता तो?"

मागून म्हाताऱ्याचा आवाज ऐकू येत होता. "विचार, विचार त्याला. माणूस कठडे मोजतो."

रसेलने फोन या कानावरून त्या कानावर घेतला. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

"सात नाही," तो म्हणाला.

"मग किती?" लिनेयाने विचारलं.

"आठ वेळा आला. एकदा त्यांचं लक्ष नव्हतं."